आकापुल्को : वाळूत न बसणाऱ्या बाबांना काय दाखवू?

कुंदकळी | 14 नोव्हेंबर 2022

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मेक्सिकन मित्राचं जानेवारीत लग्न आहे, मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, आकापुल्कोला. नेमके तेव्हाच माझे आईबाबा सांगलीहून आमच्याकडे ह्यूस्टनला आलेले असणार. मित्राने पत्रिकेवर त्यांचीही नावं घातली, त्यामुळे सहकुटुंब सहपरिवार निघालोय.

अडचण बाबांची आहे. 32 वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेत. समुद्र म्हणजे त्यांच्या लेखी पाय भिजवायचे, नमस्कार करायचा आणि मागे फिरायचं. मागच्या खेपेला गॅल्व्हेस्टनला नेलं तर पाऊण तास गाडीत बसून जुना दिवाळी अंक वाचला. आकापुल्कोबद्दल शोधलं की पॅराशूट, काचेच्या तळाच्या होड्या आणि नाइट क्लब एवढंच समोर येतं. चार दिवस आहेत, त्यातला एक लग्नात जाणार. आईचे गुडघे बेताचे. बाबा चालतात पण ऊन सोसत नाही. दोघंही शाकाहारी.

वाळू सोडून तिथे बघण्यासारखं काही आहे का?

---

तिरसट_काका | 14 नोव्हेंबर 2022

सरळ कॅनकूनला जा. चिचेन इत्सा बघा, पिरॅमिडसमोर फोटो काढा, बाबा खूश. आकापुल्कोचे दिवस सरले. 1953 साली केनेडी दांपत्य मधुचंद्राला गेलं होतं तेव्हा ठीक होतं. आता अमेरिकेचं परराष्ट्र खातं त्या अख्ख्या गेरेरो राज्याबद्दल 'जाऊ नका' म्हणतंय.

---

कुंदकळी | 14 नोव्हेंबर 2022

काका, लग्न आकापुल्कोला आहे हो. मुहूर्त कॅनकूनला कसा हलवू? :)

---

निवडुंग | 15 नोव्हेंबर 2022

चार वर्षं मेक्सिको सिटीत काढली, आकापुल्कोला पाच-सहा वेळा गेलो. काकांचं म्हणणं उडवून लावू नका. तो इशारा खरा आहे आणि त्याला कारणंही आहेत. पण लग्नघरची माणसं तिथलीच आहेत हा तुमचा मोठा आधार. त्यांना विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही, हा नियमच करून टाका. टॅक्सी रस्त्यावर हात करून थांबवू नका, हॉटेलकडून मागवा. अंधार पडल्यावर गावाबाहेर पडू नका. मेक्सिको सिटीहून आकापुल्को साधारण 380 किमी. टोलचा हमरस्ता चांगला आहे, पण आईबाबा बरोबर असताना मी विमानानेच जाईन.

व्हिसा: आईबाबांकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तो व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर घ्या.

खाणं: 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. चिकन हे मांसात धरत नाहीत असे आचारी मला भेटलेत. दुसरं म्हणजे घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. 'मांतेका आहे का?' असं विचारायचं. मक्याच्या पोळ्या, चीज घातलेल्या केसादिया, निवडुंगाची भाजी (नोपालेस, माझ्या आयडीचा उगम), भाजलेली कणसं, फळं. उपाशी राहणार नाहीत.

आणि एक गंमत. गेरेरोत गुरुवार हा पोसोलेचा वार. टपोऱ्या मक्याचा, डुकराचं मांस घातलेला रस्सा, इकडे तो हिरवाही करतात. गुरुवारी दुपारी सगळी खानावळ तेच ओरपत असते. बाबा दत्ताचा गुरुवार करत असतील तर दिवस जपून निवडा.

बघायचं काय ते खलाशीबुवा सांगतील, त्यांची वाट बघतो. मी एकच सांगतो : सान दिएगो किल्ला. सोमवारी बंद असतो.

---

खलाशी | 15 नोव्हेंबर 2022

आलो. बोटीवरची 26 वर्षं आणि देवगडचं बालपण यांच्या जिवावर बोलतो.

कुंदकळी, बाबांना आधी नकाशा दाखवा. आकापुल्कोवर बोट ठेवायचं आणि पश्चिमेला सरकत जायचं. मध्ये नुसतं पाणी. पार फिलिपिन्सला जाऊन थांबायचं. तुमच्या किनाऱ्याची सगळी कथा त्या बोटाखाली आहे.

स्पॅनिश लोकांना मेक्सिकोहून फिलिपिन्सला जाणं जमलं होतं, वारा पाठीशी असायचा. परत येणं जमत नव्हतं. जहाजं जायची आणि तिकडेच राहायची. 1565 साली उर्दानेता नावाच्या खलाशाने, जो तोवर पाद्री झाला होता, वाट काढली. तो फिलिपिन्सहून थेट पूर्वेला आलाच नाही. आधी उत्तरेला जपानच्या अंगाने वर चढला, तिथे पश्चिमेचे वारे धरले, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागला आणि खाली उतरत ऑक्टोबरमध्ये आकापुल्कोला पोचला. तेव्हापासून 1815 पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, त्या वाटेवर जहाजं चालली. जाताना तीन महिने, येताना चार ते सहा. येतानाच्या प्रवासात माणसं स्कर्व्हीने, म्हणजे ताजी फळं-भाजी न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, मरायची.

मेक्सिकोत या जहाजाला 'चीनची नाव' म्हणत. पण माल चीनचाच नव्हता. रेशीम आणि चिनी मातीची भांडी तर होतीच, शिवाय मसाले, हस्तिदंत, आणि आपल्याकडचं सुती कापड. परतताना पोटात चांदी. जहाज आलं की आकापुल्कोत जत्रा भरायची. एरवी उकाड्याला कंटाळून ओस पडलेलं गाव, पण त्या आठवड्यांत मेक्सिको सिटीचे व्यापारी, खेचरांचे तांडे, जुगारी, भिक्षेकरी, सगळे हजर. माल खेचरांवर लादून डोंगर चढायचा, मेक्सिको सिटी, पुएब्ला, तिथून व्हेराक्रूझ आणि पुढे स्पेन. म्हणजे तुम्ही ज्या खाडीत पॅराशूट बघणार आहात ते आशियाचं अमेरिकेतलं पहिलं दार होतं.

दार म्हटलं की चोर आले. 1587 साली कॅव्हेंडिश या इंग्रजाने काबो सान लुकासजवळ, तेही आता रिसॉर्टच आहे, असंच एक जहाज लुटलं. 1615 च्या ऑक्टोबरात डचांचा स्पिलबर्गेन थेट आकापुल्कोच्या खाडीत शिरला. लढाई झाली नाही. त्याच्याकडे कैदी होते, ते देऊन ताजं अन्नपाणी घेतलं आणि गेला. पण स्पॅनिशांची झोप उडाली आणि लगेच किल्ल्याला हात घातला. बांधणारा इंजिनिअर कोण? आद्रियान बोत, तोही डच!

पहिला किल्ला 1776 च्या भूकंपात खचला. आज दिसतो तो त्यानंतर बांधलेला, पाच बुरुजांचा तारा, भोवती कोरडा खंदक. 1813 च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या मोरेलोस या सेनानीने वेढा घालून घेतला. आत आता आकापुल्कोचं इतिहास संग्रहालय आहे, त्यात या जहाजांचं स्वतंत्र दालन आहे. सकाळी दार उघडताच जा. बुरुजावर सावली नाही, दालनं मात्र जाड भिंतींमुळे थंड आहेत. आईंना तिथे बसता येईल.

---

तिरसट_काका | 15 नोव्हेंबर 2022

हे कुठल्याही पर्यटन साइटवर का नसतं?

---

खलाशी | 15 नोव्हेंबर 2022

असतं हो, पण पॅराशूटच्या खाली. तिथवर कोण जातो?

अवांतर: नारळीच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्या किनाऱ्यावर दिसतील, त्यांना 'पालापा' म्हणतात. तो शब्द फिलिपिन्सकडून आलेला. त्याच बाजूचे खलाशी जहाजातून उतरले, काही पळून गेले, किनाऱ्यावर राहिले आणि माडाला चढायला लागले. त्यांची माडी आजही तिथे 'तुबा' या फिलिपिनो नावाने विकतात. वर कोलिमाकडे तर त्यात शेंगदाणे घालून पितात. मी देवगडचा माणूस, पॅसिफिकच्या पलीकडे माडी बघून डोळे भरून आले. (पिऊन नव्हे.) पिकून पिवळाधमक होणारा त्यांचा 'मनिला' आंबाही त्याच जहाजांच्या वाटेने आलेला. हापूसशी तुलना करणार नाही, धाग्याची वाट लागेल.

---

रत्नांग्रीचो_झील | 16 नोव्हेंबर 2022

देवगडवाल्याने हापूसचं नाव काढलंच आहे तर... जाऊ दे.

---

दगडधोंडे | 16 नोव्हेंबर 2022

बाबा चालतात म्हणालात म्हणून. गावाच्या वर एल व्हेलादेरो डोंगराच्या उतारावर 'पाल्मा सोला' नावाची जागा आहे. ग्रॅनाइटच्या मोठाल्या धोंड्यांवर कोरलेली चित्रं, स्पॅनिश यायच्या शेकडो वर्षं आधीची. माणसं, प्राणी, भौमितिक आकृत्या. असे 18 कोरीव दगड आहेत.

मी राजापूरकडचा. आमच्याकडे जांभ्याच्या सड्यावर आडवी कोरलेली कातळशिल्पं, याच वर्षी युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. पाल्मा सोलाला धोंडे उभे-तिरके आणि समोर झाडांतून खाडी दिसते. आमच्या सड्यावर डोकं भाजतं, तिथे सावली आहे. त्या माणसांबद्दल दोन्हीकडे सारखंच, त्यांनी लिहून काही ठेवलं नाही.

वस्तीच्या बऱ्याच वरच्या टोकाला आहे आणि पायऱ्या चिक्कार. आईंना नेऊ नका. आणि वाट वस्तीतून जाते, तेव्हा यजमानांपैकी कुणी बरोबर असेल तरच.

---

निवडुंग | 16 नोव्हेंबर 2022

दगडधोंडेंशी सहमत, शेवटच्या वाक्याशी दुप्पट सहमत.

ला केब्राडा राहिलं. कड्यावरून समुद्रात उडी मारणारे. 1934 पासून संघटितपणे चाललंय. साधारण 35 मीटर उंची, खाली चिंचोळी घळ. लाट आत शिरत असताना उडी घ्यावी लागते, कारण ओसरलेल्या पाण्यात तळ लागतो. उडीआधी कड्यावरच्या ग्वादालुपेच्या देवीपुढे हात जोडतात. पर्यटकी आहे, मान्य. तरी चुकवू नका. दुपारी एकदा आणि मग संध्याकाळी साडेसातपासून असतं. रात्रीची शेवटची उडी पेटत्या मशाली हातात घेऊन.

तिथून जवळच्या टेकडीवर इनालाम्ब्रिका नावाच्या गल्लीत दिएगो रिव्हेरा या प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकाराचं भित्तिशिल्प आहे. शेवटच्या आजारपणात तो दोलोरेस ओल्मेदो या मैत्रिणीच्या या घरी राहत होता, 1956-57 मध्ये. घराच्या बाहेरच्या भिंतीवर टाइल्स, शिंपले आणि ज्वालामुखीच्या दगडांनी केवढा तरी लांब पिसांचा नाग केलाय. रस्त्यावरून दिसतो, तिकीट नाही. टॅक्सी थांबवून आईंनाही गाडीतून बघता येईल.

---

संत्रानगरी | 17 नोव्हेंबर 2022

रिव्हेराचं नाव निघालं आणि पांडुरंग खानखोजेंचं अजून कुणीच काढलं नाही? शोभतं का मराठी धाग्याला!

वर्ध्यात जन्म. गदर, म्हणजे परदेशातल्या भारतीय क्रांतिकारकांच्या चळवळीच्या सुरुवातीच्या माणसांपैकी. इंग्रज मागावर, म्हणून देशोदेशी भटकून शेवटी मेक्सिकोत. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मका आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. रिव्हेरा त्यांचा मित्र. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने 'आमची भाकर' असं चित्र काढलं, त्यात मेजाशी बसून भाकर वाटणारा माणूस म्हणजे आमचे खानखोजे. स्वातंत्र्यानंतर परत आले आणि 1967 साली नागपुरात वारले. गेल्याच सप्टेंबरात चापिंगोला त्यांचा पुतळा बसवला, लोकसभा अध्यक्षांच्या हस्ते. इकडे वर्ध्यात विचाराल तर दहातल्या नऊ जणांना माहीत नसतील.

इतिहासाच्या मास्तरांना ती भिंत दाखवाच.

---

वसईवाला | 17 नोव्हेंबर 2022

आता माझा नंबर.

1596 साली मनिलाहून आकापुल्कोला निघालेलं 'सान फेलिपे' नावाचं जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागलं. जपानी राज्यकर्त्याने माल जप्त केला. त्यातून जो भडका उडाला त्यात 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं. त्यात त्याच जहाजावरचा एक तरुण होता, मेक्सिको सिटीचा फेलिपे. आणि त्याच्याबरोबर त्याच टेकडीवर, त्याच दिवशी, आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया. 1862 साली सगळे एकत्रच संत झाले. फेलिपे हा मेक्सिकोचा पहिला संत, गोन्सालो हा भारताचा.

फेलिपे लहानपणी भयंकर व्रात्य. घरात काम करणारी बाई म्हणायची, अंगणातलं वाळलेलं अंजिराचं झाड हिरवं होईल तेव्हा हा संत होईल. नागासाकीला तो गेला त्या दिवशी झाडाला पालवी फुटली असं सांगतात. आमच्या गासच्या चर्चला गोन्सालोचंच नाव आहे, तिथे मी ही गोष्ट आजीकडून फक्त गोन्सालोपुरती ऐकली होती. फेलिपेची बाजू मोठेपणी कळली.

मेक्सिको सिटी आणि आकापुल्को यांच्यामध्ये कुएर्नावाका लागतं. तिथल्या कॅथीड्रलच्या लांबलचक भिंतींवर या हुतात्म्यांच्या प्रवासाची जुनी चित्रं आहेत, कैद्यांनी भरलेल्या होड्या वगैरे. कित्येक पिढ्या चुन्याखाली दडलेली होती, विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत सापडली. कुणी गेलं तर फोटो टाका. मी विनंती करतोय, आग्रह समजा.

---

झुळूक | 18 नोव्हेंबर 2022

आईंसाठीही काहीतरी सांगा की कुणी! सगळे बाबांच्या मागे.

कुंदकळी, आईंना सांगा की मेक्सिको म्हणजे आपल्या देवघराचं माहेर आहे. दसऱ्याचा झेंडू मूळचा तिथला. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत ते लोक घरातल्या गेलेल्या माणसांसाठी त्याच्याच पाकळ्यांची वाट घालतात. निशिगंध तिथला. देवळापुढचा पांढरा चाफाही तिकडचाच. चिकूसुद्धा! तिकडे 'चिकोसापोते' म्हणतात, आपण मागचं कापून टाकलं. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे हे खरं, पण आजोळ तिकडे.

---

वाचनमात्र | 18 नोव्हेंबर 2022

वाचनखूण साठवली. लग्नाला न बोलावता जावंसं वाटतंय.

---

कुंदकळी | 19 नोव्हेंबर 2022

अहो, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून बाबांना पाठवलं. बाबांनी फोनवर विचारलं, "हा खलाशी कुठल्या विद्यापीठात आहे?"

---

कुंदकळी | 5 फेब्रुवारी 2023

आलो जाऊन. वृत्तांत उशिरा टाकतेय, पण आज तारीख बघा आणि वसईवाले, तुमच्यासाठी मुद्दाम आजच टाकतेय असं समजा.

किल्ला. सकाळी दहाला दारात. बाबांनी खंदकावरच्या पुलावर उभं राहून आधी बुरूज मोजले. मग, "तोफेची दिशा बघ, सगळं तोंड खाडीकडे. जमिनीकडून मोरेलोस येईल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं." मी म्हटलं, बाबा, आत तरी चला. जहाजांच्या दालनात तास गेला. आई बाहेरच्या पडवीत गार फरशीवर पाय पसरून बसली. तिथल्या पहारेकरीण बाईंनी तिला खुर्ची आणून दिली, मग दोघी खुणांनी नातवंडांचे फोटो बघत बसल्या. आई म्हणते सहलीत हेच सगळ्यात छान होतं.

बाबांना दालनात एक गोष्ट लागली. मालाची यादी वाचताना ते म्हणाले, "माणसंही आणत असतील." रात्री निवडुंग यांना निरोप धाडला, तेव्हा त्यांनी कातारिना दे सान हुआनची गोष्ट लिहून पाठवली. इथे डकवते, सगळ्यांसाठी:

*"मोगलांच्या मुलखातली मुलगी, नाव मिर्रा. किनाऱ्यावरून पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनला बाप्तिस्मा झाला, मनिलाच्या बाजारात विकली, 1620 च्या आसपास आकापुल्कोला उतरवली आणि पुएब्लाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी गेली. आशियातून आलेल्या प्रत्येकाला तिकडे 'चिनो' म्हणत, म्हणून हीसुद्धा 'चिना'. पुढे ती पुएब्लात साध्वी म्हणून इतकी प्रसिद्ध झाली की 1688 मध्ये वारल्यावर एका जेझुइट पाद्र्याने तिचं तीन खंडांत चरित्र लिहिलं, आणि त्यातले चमत्कार फार झाले म्हणून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्यावर बंदी घातली. मेक्सिकोचा तो भरतकामाचा परकर-पोलका, 'चिना पोब्लाना', तिच्यावरून आला असं दुकानदार सांगतात. त्याला आधार नाही. कपडा बऱ्याच नंतरचा. पण 'चिनोंना' गुलाम करण्यावर 1672 मध्ये बंदी आली, ती तिच्या हयातीत."*

हे मी मोठ्याने वाचलं. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेलो तेव्हा स्वतःहून चप्पल काढून पाण्याच्या कडेला उभे राहिले, बराच वेळ. मी टोपी नेऊन दिली.

ला केब्राडाला संध्याकाळी साडेसातला. पहिला पोरगा उडी मारायच्या आधी कड्यावरच्या देवीसमोर इतका वेळ उभा होता की आईने इकडून हात जोडले. पडताना किंचाळली ती आईच.

रिव्हेराचा नाग टॅक्सीतूनच बघितला, तेवढ्यात मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. पाल्मा सोला राहिलं. नवरदेवाचा मामा म्हणाला, हल्ली तिकडे नको. दगडधोंडे, सॉरी. सोकालोत, म्हणजे गावच्या चौकात, निळ्या-पिवळ्या घुमटाचं कॅथीड्रल आहे, तिथे सावलीत बसून कणसं खाल्ली. जवळच किनाऱ्यालगत एका जपानी सामुरायचा पुतळा बघून आम्ही चक्रावलो. हासेकुरा, 1614 च्या जानेवारीत इथे उतरला आणि पुढे पार रोमला गेला. खलाशीबुवा, हा कसा सुटला तुमच्याकडून?

लग्न. चर्चमध्ये नवरानवरीच्या खांद्यांवरून आठाच्या आकड्यासारखी एक माळ घालतात, 'लासो'. आईने लगेच माझ्या कानात, "बघ, उपरण्याची गाठच." नवरा नवरीच्या ओंजळीत 13 नाणी ओततो. जेवण गुरुवारी नव्हतं, तरी पोसोले होतंच. आमच्यासाठी यजमानीणबाईंनी मक्याचं वेगळं पातेलं ठेवलं होतं, बिनमांसाचं. आत चिकनचा रस्सा होता हे आईला दोन घास खाल्ल्यावर कळलं. तिने चमचा हळूच खाली ठेवला आणि नंतर हॉटेलवर चूळ भरून रामरक्षा म्हटली. यजमानांना मात्र कळू दिलं नाही.

जानेवारीत मनिला आंबा नसतो, बाबा हिरमुसले. त्याची भरपाई चिंचेने केली. चिंच, साखर, मीठ, तिखट घालून केलेल्या गोळ्या तिथे जागोजागी विकायला. बाबांनी चार पिशव्या घेतल्या.

परतीचा एक दिवस मेक्सिको सिटीत होता, नेमका रविवार. शिक्षण मंत्रालय बंद. संत्रानगरी, खानखोजे हुकले, बाबा अजून हळहळतात. त्याऐवजी गाडी करून कुएर्नावाका गाठलं. आत मिसा चालू आणि ट्रम्पेट, गिटार घेऊन मारिआची वादक वाजवताहेत! आम्ही मागच्या बाकावर बसलो. मिसा संपून माणसं पांगल्यावर बाबा भिंतीकडेने सावकाश चालत गेले. रंग पुसट आहेत, पण होड्या दिसतात, होड्यांतली माणसं दिसतात. "यातला वसईचा कोणता?" मला काय माहीत. एकेक डोकं मोजत होते.

वसईवाले, फोटो जोडलेत. अंधार आहे, सांभाळून घ्या.

---

वसईवाला | 5 फेब्रुवारी 2023

आजच्या दिवशी! सकाळीच मिसाला जाऊन आलो. आईला मोबाइलवर दाखवले, तिने बोटाने मोठे करून एक कोपरा पक्का केला, "हा आपला." तुमच्या बाबांना कळवा, ठरलं म्हणून.

---

खलाशी | 6 फेब्रुवारी 2023

हासेकुराबद्दल कान पकडतो. तीन वेळा त्या पुतळ्यासमोरून गेलोय, दर वेळी जहाज सुटायची घाई.

---

तिरसट_काका | 6 फेब्रुवारी 2023

माझे शब्द अर्धे मागे घेतो. अर्धेच.

---

निवडुंग | 27 ऑक्टोबर 2023

धागा वर काढतोय. ऑटिस चक्रीवादळाची बातमी बघितली असेल सगळ्यांनी. 24 आणि 25 च्या मधल्या रात्री आकापुल्कोवर आलं, पाचव्या दर्जाचं, ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर वारा. आदल्या सकाळपर्यंत साधं वादळ होतं, चोवीस तासांच्या आत हे झालं. लोकांना आवराआवर करायलाही वेळ मिळाला नाही. माझ्या ओळखीच्यांपैकी कुणाचाच फोन लागत नाहीये.

कुंदकळी, लग्नघरची माणसं?

---

खलाशी | 27 ऑक्टोबर 2023

2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या वाड्या बघितल्या होत्या, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. हे त्याच्या कितीतरी पट आहे. बातम्यांतलं हॉटेलांचं चित्र बघवत नाही.

---

कुंदकळी | 31 ऑक्टोबर 2023

आज सकाळी निरोप आला, पाच दिवसांनी. सगळी सुखरूप आहेत. नवरीच्या आईच्या घराचे पत्रे उडाले, खिडकी एकही शिल्लक नाही. पाणी टँकरचं, वीज नाही. मामा रोज टेकडीवर जाऊन रेंज शोधतो.

बाबांना सांगलीला फोन केला. त्यांनी आधी किल्ल्याचं विचारलं, मी जरा चिडलेच. मग म्हणाले, "अगं, भिंत दोनशे वर्षांची आहे, ती राहील. मला त्या खुर्ची आणून देणाऱ्या बाईंचं विचारायचं होतं, नाव घेतलं नव्हतं आपण." 2019 च्या पुरात त्यांची स्वतःची पुस्तकांची दोन कपाटं कृष्णेनं नेली, तेव्हा आठ दिवस त्यांनी पुस्तकांचा विषय काढला नव्हता. शेजारच्यांच्या गॅसचं बघत होते.

मामाला विचारलंय. रेंज आली की तो किल्ल्यावर जाऊन बघतो म्हणाला.

---

झुळूक | 31 ऑक्टोबर 2023

परवा त्यांचा झेंडूचा दिवस. फुलं तरी मिळतील का त्यांना?

---

कुंदकळी | 3 नोव्हेंबर 2023

मिळाली. डोंगरापलीकडून कुणीतरी ट्रक भरून आणली होती म्हणे. मामाने अंगणात पत्र्याच्या तुकड्यावर मांडलेली वाट पाठवलीय, मध्ये त्यांच्या आजीचा फोटो. फोटो बाबांना पुढे पाठवला. किल्ल्यावरच्या बाईंचा अजून पत्ता नाही.